आधी काम की आधी मुक्काम?

रिकामं घर ताब्यात आलं की प्रश्न पडतो: सगळं काम उरकून राहायला जायचं, की राहता राहता एकेक खोली करायची?

माझा कौल तोडफोडीपुरता तरी पहिल्या पर्यायाला. वायरिंगसाठी भिंतींना झिऱ्या मारणं, जुन्या फरशा उखडणं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ही कामं माणसं राहत असताना करूच नयेत. काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसांना घातक. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर विषयच संपला. शिवाय रिकाम्या घरात कामाला हवा तेवढा वेळ देता येतो. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर किमान 7 दिवस पाणी मारावं लागतं आणि रंगाआधी तो साधारण 28 दिवस वाळू द्यावा. वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये 24 ते 48 तास पाणी साठवून गळती तपासायची असते. घरात एकच बाथरूम असेल तर राहून हे कसं जमणार? घाईत ही चाचणी टाळली, की पुढे बसवलेल्या फरशा फोडायची वेळ येते. फार वाईट वाटतं तेव्हा.

राहायला गेल्यावर काम करण्याचा खरा फायदा वेगळाच. ऊन कुठून येतं, प्लग कुठे हवा, हे राहिल्यावरच कळतं. खर्चही विभागला जातो, भाडं आणि हप्ता एकदम भरावा लागत नाही. म्हणून कपाटं, पडदे, शोभेचे दिवे खुशाल मागाहून करा.