कोच गेला, आता पोरानं कुठं जायचं: केंटकीचा पोप की आर्कान्सोचा कॅलिपारी

अमेरिकेत ज्यांच्या घरात हायस्कूल बास्केटबॉल खेळणारं पोरगं आहे आणि कॉलेजवाल्यांचे फोन यायला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रश्न एकच, पोरानं ज्या कोचच्या शब्दावर होकार दिला तोच कोच उद्या दुसऱ्या कॉलेजला गेला तर त्याच्या मागं जायचं का कॉलेजला धरून राहायचं. 2024 मध्ये केंटकी आणि आर्कान्सो या दोन कॉलेजांच्या बाबतीत हे डोळ्यांदेखत घडलंय, दोन्हीकडे पोरं गेली आणि पुढं काय झालं तेही दिसलं, त्यामुळे अंदाजपंचे बोलायची गरजच नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. जॉन कॅलिपारी 15 सीझन केंटकीला होता, 2012 ची चॅम्पियनशिप त्याचीच, अँथनी डेव्हिस आणि कार्ल-अँथनी टाउन्स त्याच्याच हाताखालून गेलेले. पण नंतर मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत गाडी अडायला लागली, 2022 ला सेंट पीटर्सनं हरवलं, 2024 ला ओकलंडनं, दोन्ही वेळा पहिल्याच राऊंडला, आणि एप्रिल 2024 मध्ये तो उठून आर्कान्सोला गेला, म्हणजे केंटकीच्याच एसईसी कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांचा गट, ज्यात ती एकमेकांशी खेळतात). केंटकीनं बीवाययूहून (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) मार्क पोपला कोच म्हणून आणलं. पोप म्हणजे केंटकीच्या 1996 च्या चॅम्पियन टीमचा कॅप्टन, आणि आपल्याकडच्या आईबाबांना हे ऐकून धक्का बसेल पण हा माणूस खेळणं संपल्यावर कोलंबिया युनिव्हर्सिटीत मेडिकलला होता आणि ते सोडून कोचिंगमध्ये आला. त्याच्या स्वागताला केंटकीचं घरचं मैदान रप अरीना गच्च भरलं होतं, पण टीम म्हणाल तर जुन्यातला स्कॉलरशिपवाला एकही खेळाडू शेवटी राहिला नाही.

आता कोण कुठं गेलं. बूगी फ्लँड, कार्टर नॉक्स आणि बिली रिचमंड, तिघंही आधी केंटकीला यायचे होते, ते कॅलिपारीमागं आर्कान्सोला गेले. केंटकीत खेळत असलेले अडू थिएरो, डीजे वॅग्नर आणि इविसिच पण तिकडेच गेले. ट्रॅव्हिस पेरी मात्र राहिला. हा केंटकीच्याच लायन काउंटीचा पोरगा, हायस्कूलमध्ये 5,000 च्या वर पॉइंट, राज्याचा रेकॉर्ड त्याच्या नावावर, केंटकीची जर्सी घालायची म्हणून कोच बदलला तरी शब्द फिरवला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो.

पण खेळायला किती मिनिटं मिळाली ते बघा. पोपला दोन महिन्यात अख्खी टीम उभी करायची होती, मग त्यानं पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) 9 ट्रान्सफर आणले आणि फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं, फक्त 3 घेतले, आणि ते ट्रान्सफर पण कसले, लमॉन्ट बटलर, कोबी ब्रे, अँड्र्यू कार, अमारी विल्यम्स, सगळे चार-चार वर्षं कॉलेज खेळून आलेले, कोविडमुळे जे एक जास्तीचं वर्ष मिळालं होतं तेच वापरायला आलेले, म्हणजे 18-19 वर्षांच्या पोरासमोर 22-23 वर्षांचे बाप्ये. पेरीला मॅचमागं 10 मिनिटांच्या आसपास मिळाली, पॉइंटची सरासरी 2.7. तिकडे फ्लँड पहिल्या मॅचपासून सुरुवातीच्या पाचात, सरासरी 13.5 पॉइंट आणि 5 असिस्ट (दुसऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास), तेही मध्ये हाताचं ऑपरेशन होऊन बरेच आठवडे बाहेर बसला तरी. नॉक्सला 8 च्या वर पॉइंट. कॅलिपारीनं पण अनुभवी लोक आणलेच होते, जॉनेल डेव्हिस, जोनास एडू, पण ज्या पोरांच्या घरी तो आधीपासून जात होता त्यांची जागा त्यानं राखून ठेवली, आणि मुळात तो रोस्टर लहान ठेवतो, आठ-नऊ जणांच्या वर नको म्हणतो, म्हणजे बेंचवर कुजत पडायची भीती कमी.

म्हणून माझं सरळ मत असंय की हायस्कूलमधून थेट येणाऱ्या पोरासाठी, त्यातही गार्ड असेल तर, जुन्या कोचमागं जाणं जास्त फायद्याचं. नवीन कोच पहिल्या वर्षी हरून दाखवू शकत नाही, तो तयार माल आणणारच, त्यात त्याची चूक नाही.

मोठ्या खेळाडूचं गणित बरोब्बर उलटं आहे. तुमचं पोरगं दोन-तीन वर्षं दुसरीकडे खेळून ट्रान्सफर होणार असेल तर नवीन कोचकडची रिकामी टीम म्हणजे लॉटरी आहे. ओटेगा ओवे ओक्लाहोमाला 11.4 पॉइंटवर होता, पोपकडे येऊन 16.2, टीममध्ये सगळ्यात जास्त. अमारी विल्यम्सचं तर मी मॅच थांबवून थांबवून बघायचो. ड्रेक्सेलला तीन वर्षं लागोपाठ कॉन्फरन्सचा बेस्ट डिफेंडर ठरलेला हा उंचापुरा सेंटर, पोपनं त्याला बास्केटखाली उभा न करता वर आणला, बॉल त्याच्या हातात, बाकीचे चौघं लांब पसरलेले, एक जण लांबून तीन पॉइंटचा शॉट मारायला वर येतोय असं दाखवून डिफेंडरच्या पाठीमागून आत कट मारणार आणि विल्यम्स एका हातानं बॉल जमिनीवर आपटून बरोब्बर त्याच्या पुढ्यात टाकणार. असं काम त्याला दुसऱ्या कुणी दिलंच नसतं आणि 2025 ला तो एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो लीगच्या खेळाडू निवडीत, गेला. ब्रे पण गेला. अर्थात तिकडून थिएरोही गेला, म्हणजे ड्राफ्टच्या बाबतीत कुणी मागं नाही.

जिंकण्याचं म्हणाल तर 2024-25 मध्ये दोघं स्वीट सिक्स्टीनलाच, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या 16 टीममध्येच, थांबले. केंटकीनं नोव्हेंबरमध्येच ड्यूकला हरवलं, टेनेसीला सीझनमध्ये दोनदा हरवलं आणि तिसऱ्यांदा मार्चमध्ये त्यांच्याकडूनच हरले. आर्कान्सोनं एसईसीत पहिल्या पाचही मॅच घालवल्या, मग फेब्रुवारीत रप अरीनात येऊन केंटकीला 89-79 नं हरवलं (ती मॅच बघवत नव्हती), मार्चमध्ये कॅन्सस आणि सेंट जॉन्सला बाहेर काढलं आणि टेक्सस टेकविरुद्ध 16 पॉइंटची लीड घालवून ओव्हरटाइममध्ये हरले. यावरून निवड करू नका.

पैशाचंही तेच. जुलै 2025 पासून कॉलेज थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, अख्ख्या कॉलेजला मिळून पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा, दोन्ही कॉलेजं मोठी आहेत, कुणी उपाशी ठेवणार नाही. फक्त करारात एक गोष्ट वकिलाकडून वाचून घ्या, कोच गेला आणि पोरगं पण निघालं तर पैसे परत मागतात का.

राहण्याचं एका वाक्यात, आर्कान्सोचं फेएटव्हिल बेंटनव्हिलपासून अर्ध्या तासावर आहे आणि तिथं वॉलमार्टच्या कामानिमित्त आलेली मराठी घरं भरपूर, त्यामुळे पोराला वरणभाताला एखादं घर नक्की मिळेल.

आणि कुठलाही निर्णय कायमचा नाहीये हेही बघा, कारण एप्रिल 2024 पासून कितीही वेळा ट्रान्सफर झालं तरी अभ्यासात ठीक असाल तर वर्ष बाहेर बसावं लागत नाही. पेरी एका वर्षात ओल मिसला गेला. फ्लँडसुद्धा आर्कान्सो सोडून चॅम्पियन फ्लोरिडाला गेला, म्हणजे कोचमागं जाणाऱ्यांचंही सगळं गोड झालं असं नाही. नॉक्स आणि रिचमंड थांबले. जेडन क्वेंटन्सची गोष्ट तर अजून वेगळी, केंटकीला सही केलेला, कॅलिपारी गेल्यावर मोकळा झाला, दोघांकडेही न जाता ॲरिझोना स्टेटला जाऊन भरपूर खेळला, आणि गुडघ्याची मोठी दुखापत झालेली असताना पोपनं त्याला 2025 मध्ये बोलावून घेतलं. माझ्या मते त्याच्या घरच्यांनी सगळ्यात शांत डोक्यानं विचार केला.

कॉलेजवर जीव असेल आणि राहायचंच असेल तर जरूर राहा, पेरीबरोबर आलेले ट्रेंट नोआ आणि कॉलिन चँडलर पहिल्या वर्षी थोडं थोडं खेळून दुसऱ्या वर्षाला थांबलेच की. फक्त घाई करू नका. नवीन कोच आल्या आल्या पहिल्या आठवड्यात हो म्हणालात तर तुमच्या जागेवर अजून कोण येणारे हे त्यालाही माहीत नसतं, पोपचा जॅक्सन रॉबिन्सन ड्राफ्टमधून नाव काढून मे महिना संपताना आला आणि गार्डच्या जागेतली बरीच मिनिटं एकटा घेऊन गेला. रिलीज (आधीच्या सहीतून मोकळीक) मागून ठेवा, दोन-तीन कॉलेजांशी बोलणं चालू ठेवा आणि ड्राफ्टमधून नाव काढायची तारीख उलटून गेल्यावरच सही करा.