लातूरचं १२ दिवसांचं उद्योजकता ट्रेनिंग आणि शेवटची स्पर्धा, माझा अनुभव

मी उदगीर तालुक्यातली. घरी मिनी डाळ मिल आहे, तीन वर्षं झाली बिनपॉलिशची तूरडाळ करून पाकिटात भरून विकते. मागच्या हिवाळ्यात लातूरला नवीन धंदेवाल्यांसाठी १२ दिवसांचं ट्रेनिंग आणि शेवटी स्पर्धा असं होतं, त्याला जाऊन आले. तेव्हापासून गटातल्या बायका, पाहुणेरावळे, ओळखीचे सगळे एकच विचारतात की जावं का, काय मिळतं तिथं. एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं इथं लिहून ठेवते. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण चांगलं पण लिहायचंय आणि तक्रार पण आहे, आणि तिथं जीव तोडून शिकवणाऱ्या माणसांना माझ्यामुळं त्रास व्हायला नको.

आधी सरळच सांगते. ट्रेनिंगला जा, डोळे झाकून जा. स्पर्धेच्या आशेनं जाऊ नका.

फी नव्हती, फक्त हजार रुपये डिपॉझिट, सगळे दिवस हजर राहिलं की परत मिळतात, मला मिळाले. आम्ही २८ जण होतो, लातूर, धाराशिव, नांदेडकडचे. दुपारचं जेवण तिथंच, साधं पण गरम. मी नणंदेकडं मुक्काम केला आणि शनिवारी एसटीनं घरी, बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळं जाण्यायेण्याचा भार वाटला नाही. पहिले दोन दिवस ओळख, खेळ, आत्मविश्वास वगैरे झालं, ते ठीक होतं, ज्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही त्यांना उपयोगी पडलं असेल.

तिसऱ्या दिवसाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय कारण माझे अख्खे १२ दिवस त्या एका दिवसात वसूल झाले.

त्या दिवशी कॉस्टिंग होतं, म्हणजे आपला माल आपल्याला केवढ्याला पडतो त्याचा हिशोब. सरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की आपापल्या मालाचा हिशोब घेऊन या, अंदाजपंचे चालणार नाही, पावत्या आणा. मला वाटायचं माझा हिशोब पक्काय. मी उठून सांगितलं की सर, तूर ७२०० रुपये क्विंटल घेतली, त्यातून ७२ किलो डाळ निघाली, चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफल जनावरांना म्हणून विकून ५०० आले, म्हणजे डाळ मला ९३ रुपये किलो पडली, दुकानदाराला १२० ला देते, किलोमागं २७ रुपये सुटतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर म्हणाले, ताई, तूर वाळवायला कोण असतं? म्हटलं दोन बायका, दोन दिवस, अडीचशे रुपये हजेरीनं. म्हणजे हजार झाले की, ते कुठं धरले? मी गप्पच. मग तेल किती लावता, लाईट बिल किती येतं, पाकीट केवढ्याला, लेबल केवढ्याला, उदगीरला माल नेता त्या छोटा हत्तीचं भाडं कोण देतं. एकेक आकडा ते फळ्यावर लिहीत गेले. किलोमागं मजुरीचे १४, तेल आणि लाईटचे २, पाकीट-लेबलचे ५, भाड्याचे ३. बेरीज ११७ आली. माझ्या २७ रुपयांचे ३ रुपये राहिले, आणि त्यात माझी स्वतःची मजुरी नाही, मशीनची झीज नाही, फाटलेली पाकिटं नाहीत, दुकानदाराकडं महिनाभर अडकलेला पैसा नाही.

खरं सांगते, त्या रात्री झोप आली नाही. तीन वर्षं आपण राबतोय, लेकरांना सुट्टीत पाकिटं भरायला बसवतोय, आणि हातात पैसा का राहत नाही म्हणून मालकांशी वाद घालतोय, आणि कारण असं फळ्यावर चार ओळीत निघालं. घरी फोन करून ह्यांना म्हटलं की तुम्ही पैसे उडवत नव्हता, माझाच भाव चुकीचा होता. ते काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले नीट शिकून ये.

सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली जी मला कुणीच सांगितली नव्हती. क्विंटलला ७२ किलो उतारा ठीकच आहे, मिनी मिलवर साधारण ७० ते ७५ पर्यंत येतो, पण तूर नीट वाळली नाही किंवा तेल-पाणी लावून पुरेशी मुरू दिली नाही तर टरफल सुटत नाही, दुसऱ्यांदा घालावी लागते आणि तुकडा वाढतो, चुनी वाढते. एक किलो उतारा वाढला तरी जादा खर्च न करता तेवढा माल वाढतो. तेव्हापासून मी प्रत्येक घाण्याचं वजन वहीत लिहिते, तूर आत किती गेली, डाळ, चुनी, टरफल किती आलं. पावसाळी हवेत उतारा कमी पडतो हे आता आकड्यात दिसतं, आधी नुसतं वाटायचं.

पाचव्या दिवशी आम्हाला जोडीजोडीनं गंजगोलाईत सोडलं. लातूरकरांना सांगायला नको, १६ रस्ते येऊन मिळतात तिथं, आणि किराणा-भुसारची एवढी दुकानं की दहा जणांना विचारायचं तर दहाच्या दहा वेगळं सांगणारे. माझ्यासोबत नांदेडकडची एक पोरगी होती, लोणच्यावाली, ती लाजत होती म्हणून मीच विचारत सुटले. एका म्हाताऱ्या शेठजींनी माझं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, बाई, डाळ कुठं दिसतीय? माझं पाकीट सगळंच रंगीत छापलेलं होतं, मी हौसेनं केलेलं. ते म्हणाले बिनपॉलिश म्हणता तर गिऱ्हाईकाला बघू द्या ना, चकाकी नाही, हेच तर तुमचं वेगळेपण आहे. आता पाकिटाला मधोमध खिडकी आहे. हा सल्ला विकत घ्यायला गेले असते तर कुणी दिला नसता.

कागदपत्रांचे दोन दिवस कंटाळवाणे वाटले तरी लक्ष देऊन ऐका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आमच्यातल्या चौघांनी त्यासाठी कुणाला ना कुणाला हजार-दीड हजार दिलेले. फूड लायसनचं पण तेच, तेव्हाच्या नियमानं १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधं रजिस्ट्रेशन, वर्षाला १०० रुपये, आणि तो १४ आकडी नंबर पाकिटावर टाकायचा. लेबलवर वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता, तक्रारीचा फोन हे सगळं पाहिजेच, माझ्या लेबलवर फोन नव्हता. आणि आमच्याकडच्या लोकांसाठी एक महत्त्वाचं, जीएसटी. उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणून आपण निवांत असतो, पण उदगीरहून बिदर किती जवळ, हैदराबादला निम्मे पाहुणे, तिकडून ऑर्डर आली की आपण सहज पाठवतो. राज्याबाहेर माल विकला की जीएसटी नोंदणी लागते, आणि लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. मी बिदरच्या एका दुकानाशी बोलणी करून बसलेले, ती थांबवली आणि आधी नोंदणी केली.

अजून एक चूक वाचली. बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे त्या भागाच्या मालाचं नाव सरकारदरबारी नोंद झालं, निलंग्याकडची डाळ ती. माझ्या डोक्यात होतं की पाकिटावर बोरसुरी लिहिलं तर भाव येईल, आपण पण लातूर जिल्ह्यातलेच ना. शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, ते नाव त्या भागातल्या, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्या लोकांसाठी आहे, दुसऱ्यानं वापरलं तर खऱ्या बोरसुरीवाल्या शेतकऱ्याचं नुकसान. पटलं मला. आपल्याकडं जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, वसमतची हळद, एवढी नावं आहेत, ती राखली तरच त्यांना किंमत राहील.

सबसिडीवर एक अख्खी दुपार गेली, कारण निम्मे लोक सबसिडीच्याच नादानं आलेले. पीएमएफएमई म्हणजे खाद्यप्रक्रियेची २०२० ची योजना, त्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पण ते पैसे हातात येत नाहीत हो. आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हायला पाहिजे, आपले किमान १० टक्के आपण घालायचे, आणि सबसिडी बँकेत बाजूला राहते, तीन वर्षं हप्ते नीट गेले की मग कर्जात वळती होते. हे ऐकून एक दादा दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. बचतगटातल्या बायकांना याच योजनेत खेळतं भांडवल म्हणून प्रत्येकी ४० हजारापर्यंत गटामार्फत मिळू शकतं, ते आमच्या गटाला माहीतच नव्हतं, आता प्रस्ताव दिलाय. प्रोजेक्ट रिपोर्ट मात्र संस्थेनं बसून करून घेतला, दुसऱ्याचा कॉपी करू दिला नाही, त्यामुळं बँकेत साहेबांनी विचारलं तेव्हा प्रत्येक आकडा मला तोंडपाठ होता. हेलपाटे तरी आठ झालेच.

आता स्पर्धा.

शेवटच्या दिवशी मोठा हॉल, बॅनर, हारतुरे, बाहेरून आलेले तीन परीक्षक. प्रत्येकाला पाच मिनिटं आणि पडद्यावर पीपीटी पाहिजेच. १२ दिवसांत पीपीटी कशी करायची हे कुणी शिकवलं नव्हतं, ज्यांच्या घरी कॉलेजातली पोरं होती त्यांनी रात्रीतून करून आणली. परीक्षक चांगले शिकलेले होते, वाईट माणसं नव्हती, पण प्रश्न निम्मे इंग्रजीत. स्केल काय, पाच वर्षांनी कुठं दिसता, मार्केट साईज किती.

भूमकडच्या एक ताई होत्या, घरी खव्याची भट्टी. त्या भागातला खवा कसा असतो ते खाणाऱ्याला विचारा. रोज पहाटे चारला भट्टी पेटते, दूध कुणाचं किती आलं, फॅट किती, खवा किती निघाला, जळण किती लागलं, गाडीनं किती गेला, सगळं एका जाड वहीत, तीन वर्षांचं, एक दिवस सुटलेला नाही. वहीच्या कडा तुपकट झालेल्या, बोटांचे ठसे उमटलेले. कॉस्टिंगच्या दिवशी सरांनी तीच वही वर्गात फिरवली होती, म्हणाले होते की हा खरा प्रोजेक्ट रिपोर्ट. ताई स्टेजवर ती वही छातीशी धरून उभ्या राहिल्या, पीपीटी नव्हतीच. दोन वाक्यं बोलल्या आणि म्हणाल्या, साहेब हे बघा. कुणी वही हातात घेतली नाही. वेळ संपली म्हणून घंटा वाजली. पहिला नंबर एका मुलाच्या ॲपला गेला, शेतमाल घरपोच द्यायचं, जे अजून सुरू झालेलं नव्हतं. मुलगा हुशार होता, त्याचं चांगलंच होवो. पण रोज सात-आठ गवळ्यांच्या घरात पैसा पोचवणाऱ्या बाईची वही उघडायला दोन मिनिटं मिळू नयेत, हे मला आजपण सलतं.

मला तिसरा नंबर मिळाला, ट्रॉफी आणि ५ हजाराचा चेक, तो चेक यायला पाच महिने लागले. हे लिहितेय कारण पुढच्या लोकांनी ते पैसे धरून कच्च्या मालाची उधारी करू नये. आमच्यातल्या एकानं केली होती आणि त्याला व्याज भरावं लागलं.

स्पर्धेचा एक फायदा मात्र खरा झाला. बाहेर टेबल लावायला दिलेले, तिथं लातूरच्या एका मेसवाल्या मावशींनी दोन पाकिटं नेली, चार दिवसांनी फोन आला की डाळ लवकर शिजते आणि वरणाला चव आहे, आता त्या महिन्याला ४० किलो नेतात, रोख. टेबलावरच एका स्टीलच्या पातेल्यात शिजवलेलं वरण ठेवलं होतं मी, नुसतं मीठ-हळदीचं. तुम्ही जाल तेव्हा चव घ्यायला काहीतरी ठेवाच.

नंतरची साथ इथं कमी पडते. सहा महिने मार्गदर्शक देणार म्हणाले होते, प्रत्यक्षात एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर गुड मॉर्निंग आणि योजनांचे फॉरवर्ड. कॉस्टिंगवाले सर स्वतःहून दोनदा फोन करून विचारते झाले, ते त्यांच्या चांगुलपणामुळं. मशीन बिघडतं, बँक अडवते, दुकानदार पैसे लटकवतो, हे सगळं ट्रेनिंग संपल्यावरच घडतं ना, तेव्हाच माणूस लागतो. बक्षिसाच्या आणि हॉलच्या खर्चात वर्षभर एक माणूस गावोगाव फिरवता आला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आमच्या भागात पोरं पुण्याला जातात, मोठी माणसं ऊसतोडीला जातात, गावात चार हातांना काम देणारा छोटा धंदा टिकला तर त्याची किंमत मला विचारा, माझ्याकडं वाळवणीला येणाऱ्या दोघी आता हंगामात बाहेर जात नाहीत. म्हणून असली ट्रेनिंगं पाहिजेतच, आणि सुधारली पाहिजेत. ज्यांना लातूर लांब पडतं त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या आरसेटीत, म्हणजे बँकेच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रात, चौकशी करा, तिथं राहणं-जेवण-शिकवणं फुकट असतं. एमसीईडीचं (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र) मुख्य ऑफिसच छत्रपती संभाजीनगरला आहे, त्यांचे पण कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यात होत असतात.

माझ्याकडून शिकवणीला ५ पैकी साडेचार, स्पर्धेला २, नंतरच्या साथीला दीड.

जाताना मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या, लाईट बिल आणि मालाचं एक पाकीट सोबत न्या, वजनकाटा घरी असेल तर एका घाण्याचं वजन करून आकडे लिहून न्या. मी आता दुकानाला १३८ नं देते. सहापैकी दोन दुकानदारांनी माल बंद केला, चौघांनी चालू ठेवला, आणि आधीपेक्षा कमी पाकिटं जाऊनही महिन्याच्या शेवटी डब्यात पैसे दिसतात.

पुढची बॅच उन्हाळ्याआधी आहे असं कळलं. मी संस्थेला अर्ज दिलाय की परीक्षकांनी पीपीटीआधी प्रत्येकाची हिशोबाची वही बघावी आणि प्रश्न मराठीत विचारावेत, खाली भूमच्या ताईंची आणि आमच्यातल्या अकरा जणांची सही आहे. पोच घेतलीय, उत्तर आलं की इथं खाली टाकते.