ब्रेथ ॲनालायझर: आठ महिने रोज पहाटे वापरल्यावर

माझ्या तीन मालवाहू ट्रकगाड्या आहेत. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ भरायचा आणि पहाटे गगनबावड्याहून घाट उतरून कोकणात जायचं, हे रोजचंच. त्या वळणांवर ड्रायव्हर पूर्ण शुद्धीत हवा, म्हणून श्वासावरून दारू मोजणारं हे मशीन घेतलं.

पहिलं घेतलं ते स्वस्तातलं, सेमीकंडक्टर सेन्सरचं. पाठोपाठ तीनदा फुंकलं तर तीन वेगळे आकडे. आमचे एक मामा आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत, त्यांना साखर आहे. त्यांच्याही श्वासाला आकडा आला. साखर असलेल्यांच्या श्वासात ॲसिटोन नावाचं रसायन असू शकतं आणि असे सेन्सर त्यालाही फसतात, हे नंतर कळलं. चारचौघांत मामांचा चेहरा उतरला, ते मला फार लागलं. त्याच आठवड्यात फ्युएल सेलवालं आणलं. यात प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर मद्यार्काचं ऑक्सिडीकरण होऊन वीज तयार होते आणि ती मोजली जाते. मामांचा आकडा तेव्हापासून 0.000.

फुंकायची पद्धत मात्र सांभाळावी लागते. माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलं तर आकडा उगाच चढतो, 15 मिनिटं थांबायचं. फुंकर एकसारखी, टक्क आवाज येईपर्यंत, कारण फुप्फुसातली खोलची हवा लागते. नळी प्रत्येकाची वेगळी. रोज आधी मी फुंकतो, मग बाकीचे.

खरा उपयोग कळला तो एका पहाटे पाच वाजता. एका ड्रायव्हर पोराने फुंकलं आणि स्क्रीनवर 0.038.

"मालक, रात्री साडेअकराला प्यायची थांबवली की. झोपलोय पण."

पोरगा खोटं बोलत नव्हता. चालणं सरळ, बोलणं स्वच्छ. पण शरीर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच दारू उतरवतं. चहा, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ते लवकर होत नाही. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे स्क्रीनवर 0.030. त्या दिवशी गाडी मी नेली. त्याची हजेरी कापली नाही, नाहीतर पुढच्या वेळी त्याने लपवलं असतं.

तक्रार एकच, कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का ते तपासून मशीन जुळवून घेणं. दर सहा महिन्यांनी करावं लागतं आणि सर्व्हिस सेंटरने मशीन तीन आठवडे ठेवून घेतलं. तेवढे दिवस पहाटे नुसता तोंडाचा वास घेऊन गाड्या सोडल्या, जिवाला घोर लागून राहायचा. आता तसलंच दुसरं घेतलंय. एक कॅलिब्रेशनला गेलं की दुसरं टेबलावर असतं.