सायफाय कुठून सुरू करू? रामापासून करा

सायफाय, म्हणजे विज्ञानकथा, वाचायचंय, कुठलं घेऊ असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, आर्थर सी. क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा'. १९७३ चं पुस्तक, ह्यूगो आणि नेब्युला हे सायफायचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेत. आणि हो, रामा हे गोष्टीत अंतराळातून येणाऱ्या वस्तूचं नाव, म्हणजे आपला रामच, ग्रीक-रोमन देवांची नावं वापरून संपली म्हणून खगोलवाले हिंदू देवांच्या यादीला लागलेत असं गोष्टीतच दिलंय. त्याला बघायला जे यान पाठवतात त्याचं नाव सीता! बाकी रामायण शोधत बसू नका, मी शोधलं, काही हाती लागलं नाही.

तर साल २१३१, सूर्यमालेबाहेरून लघुग्रह येतोय असं सगळ्यांना वाटतं, त्यालाच रामा म्हणतात, आणि सीतेने काढलेले फोटो बघतात तर चक्क सिलिंडर, ५० किमी लांब, २० किमी रुंद, दर चार मिनिटांनी स्वतःभोवती एक गिरकी. कमांडर नॉर्टन आणि त्याची माणसं आत शिरतात, आत मिट्ट काळोख, आणि मग पुस्तकभर ते लोक फक्त बघत फिरतात. बोअर वाटतंय ना ऐकायला? मलाही वाटलेलं, पण रात्री दोनला संपवूनच झोपलो.

मजा काय आहे तर सगळं डोक्याने पडताळता येतं. गिरकीमुळे वजन येतं, म्हणजे मधल्या अक्षावर तुम्ही तरंगताय आणि जिना उतरत जाल तसतसं अंग जड होत जातं. आतला समुद्र तर गोल फिरून डोक्यावरून जातो, वर बघितलं तरी पाणीच, आणि ते पडत का नाही हे कळायला मी स्वयंपाकघरातला रिकामा डबा डोळ्याला लावून बसलो होतो, बायको म्हणाली मुंग्या झाल्यात का त्यात.

खटकतं ते पण सांगतो. माणसं अगदीच पुठ्ठ्याची, नॉर्टन सोडून एकाचंही नाव धड लक्षात राहत नाही. त्याची दोन घरं, एक पृथ्वीवर एक मंगळावर, आणि दोन्हीकडे मेसेज जवळपास एकच पाठवतो महाशय. बायकांबद्दलची एक-दोन वाक्यं तर आज वाचवत नाहीत. पुढचे भाग जेन्ट्री लीबरोबर आहेत, ते माझ्या मते राहू द्या.

इंग्रजी सोपं आहे, चॅप्टर छोटे छोटे, लोकलमध्ये सहज होतात.

एक करा फक्त. त्या समुद्राचा उत्तरेकडचा कडा ५० मीटर उंच आहे आणि दक्षिणेकडचा ५००. असं का बांधलं असेल? तिथे आलात की पुस्तक मिटून दोन मिनिटं विचार करा, उत्तर पुढे आहेच. मला जमलं नव्हतं.