नऊ महिने सायकलची डागडुजी घरीच: पंप, पंक्चर किट आणि चेनचं तेल

मी बेळगावच्या वडगावात राहते, घरी शिलाईचं काम करते. शिवलेले ब्लाउज सायकलवरूनच पोचवते. शहापूर, खासबाग रोजचं, कधी खडेबाजार, कधी टिळकवाडी. घरात दोन सायकली आहेत: माझी 26 इंची लेडीज, बिनगिअरची, आणि मुलाची 7 गिअरची. गेल्या डिसेंबरात एका नवरीचे पाच ब्लाउज हळदीच्या दिवशी सकाळी द्यायचे होते आणि दारातच मागचं चाक बसलेलं दिसलं. कोपऱ्यावरचं दुकान उघडायला दीड तास होता. पिशवी घेऊन चालत शहापूर गाठलं, ब्लाउज वेळेत दिले, आणि त्याच रात्री मुलाला सांगून ऑनलाइन सामान मागवलं.

एक किट घेतलं 649 रुपयांचं. त्यात पॅच, सोल्युशनची ट्यूब, घासायची पत्री, टायर काढायचे तीन प्लॅस्टिकचे लिव्हर आणि घडीचे ॲलन पाने, म्हणजे षटकोनी भोकाच्या बोल्टचे. उभा पंप वेगळा, हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याचा, 1150 रुपये. चेनच्या तेलाची बाटली 280. डिसेंबर ते ऑगस्ट, म्हणजे पूर्ण उन्हाळा आणि आपला बेळगावचा पाऊस यावर काढून मग लिहितेय.

पंप आधी घेते, कारण पैसे त्यानंच फेडले. इतकी वर्षं मी अंगठ्यानं टायर दाबून हवा बघायची आणि घट्ट लागला की बरं म्हणायची. मुलाच्या टायरच्या बाजूला 40–65 PSI (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं आहे. पहिल्या दिवशी काटा लावला तर 22 वर! अंगठ्याला ते घट्टच लागत होतं. आता दर रविवारी 50–55 भरते. पूर्वी त्याच्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडायच्या. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं की ट्यूब रिमच्या कडांमध्ये चेंगरते, त्या चिरा त्याच्या. जानेवारीपासून तसलं पंक्चर एकदाही नाही.

माझ्या सायकलीला जुना व्हॉल्व आहे, आत रबरी नळी असलेला. पंपाचं बारीक तोंड त्याला बसतं, पण काटा खरं सांगत नाही, कारण ती नळी ट्यूबमधली हवा मागं येऊच देत नाही. पंपाच्या आतला दाब तेवढा दिसतो. तिथं पंपाच्या दांड्याला लागणारा जोर आणि टायरवर दाबलेला अंगठा, एवढाच अंदाज. ती रबरी नळी, जिला आमच्याकडं सगळे वालट्यूब म्हणतात, तिनंही मला फसवलं होतं. मार्चमध्ये मागचं चाक रोज रात्रीत अर्धं उतरायचं. ट्यूब काढून टबात बुडवली, बुडबुडा नाही. पुन्हा बसवली, सकाळी पुन्हा बसलेली. शेवटी हवा भरून व्हॉल्वच्या तोंडावर ओलं बोट ठेवलं तर बोटाखाली फेस धरला. नळी वाळून चिरली होती. दोन रुपयांचा तुकडा बदलला आणि काम झालं. चाक हळूहळू उतरत असेल तर टायर खोलण्याआधी हे बघा.

आता पंक्चर. दोन्ही सायकली मिळून नऊ महिन्यांत 11 झाली, 9 मी घरी काढली. पहिले दोन पॅच सुटले, आणि त्याचं कारण घाई. सोल्युशन लावलं की लगेच पॅच चिकटवायचा नसतो. पत्रीनं ट्यूबची चकाकी जाईपर्यंत घासायचं, पॅचपेक्षा थोडं मोठं सोल्युशन पसरायचं, आणि पाचेक मिनिटं हातही लावायचा नाही. बोटाला ओलं न लागता नुसतं चिकट लागलं की मग पॅच, आणि मधून कडेकडे दाबत न्यायचा. मी कात्रीच्या मुठीनं दाबते.

शिलाईवालीला इथं दोन गोष्टी कामाला आल्या. बुडबुडा दिसला की ट्यूब पुसून शिंप्याच्या खडूनं भोकावर फुली मारते, काळ्या रबरावर पांढरी फुली लगेच दिसते. पॅच लागल्यावर खडू पुसून टाकायचा. दुसरी गोष्ट सुती चिंधीची. घुसलेला काटा टायरमध्येच राहिला तर नवा पॅचही संध्याकाळी जातो. बोटानं चाचपायला गेलं तर बोटच फाटतं. चिंधी आतून गोल फिरवली की जिथं काटा असेल तिथं धागा अडकतो. एप्रिलमध्ये येळ्ळूर रस्त्यावरून आल्यावर अशीच चिंधी अडकली, पण काही दिसेना. टायर उलटा दुमडून उजेडात धरला तेव्हा बाभळीच्या काट्याचं टोक दिसलं, तिळाएवढं. सुईनं टोकरून चिमट्यानं काढलं.

किटमधली सोल्युशनची ट्यूब एकदा फोडल्यावर दोन महिन्यांत आतल्या आत वाळली, झाकण घट्ट असूनही. आता 10 रुपयांची छोटी ट्यूब जवळच्या दुकानातून आणते, संपली की दुसरी. किटमधले घडीचे पाने मात्र घेऊ नका असंच सांगेन. 5 मिलिमीटरचा पाना सीटच्या बोल्टमध्ये फिरला आणि त्याच्या कडा गोल झाल्या. बोल्टचंही भोक बिघडलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातून टपारिया कंपनीचे 4, 5 आणि 6 मिलिमीटरचे सुटे पाने आणले. सायकलचं बहुतेक काम या तिघांत होतं, जोडीला 15 चा स्पॅनर.

पाऊस सुरू झाल्यावर खरी परीक्षा चेनची. आपल्या भागात माती दोन तऱ्हेची. टिळकवाडी-हिंडलग्याकडं लाल, कणीदार. इकडं वडगाव-येळ्ळूर शिवारात काळी, चिकट. काळी मडगार्डमध्ये भरून चाक अडवते, पण काठीनं काढली की गेली. लाल माती चेनमध्ये शिरून सहाणेसारखं काम करते. जूनमध्ये मी शिलाई मशीनचं तेल घातलं, घरात होतंच. ते पातळ असतं, दोन दिवसांच्या पावसात धुऊन गेलं आणि तिसऱ्या दिवशी चेन तांबूस झाली. मग गाडीचं जाड इंजिन ऑइल घालून बघितलं, तर त्यावर माती बसून काळा लगदा झाला. पलीकडच्या गल्लीतले काका मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते, पन्नास वर्षं यंत्राला तेल पाजलेला माणूस. ते बघून म्हणाले, "वैनी, पुसल्याबिगर तेल घालू नकासा. घाणीला तेल पाजलं की ती आतच शिरतीय की."

तेव्हापासून पद्धत ही: आल्यावर चेन कोरड्या चिंधीत धरून पायडल उलटं फिरवायचं, चिंधीवर डाग कमी होईपर्यंत. फार घाण असेल तर जुना टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून घासायचं, पुसायचं, वाळू द्यायचं. मग ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल, एकेका जोडावर एक थेंब, आतल्या बाजूनं. दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. तेल रोळांच्या आत हवं, बाहेर राहिलं की ते मातीच धरतं. पावसात आठवड्यातून दोनदा, एरवी पंधरा दिवसांनी. बाटली अजून अर्धी आहे.

चेन झिजली का हे घरी मोजता येतं, हे मला फार उशिरा कळलं. चेनच्या एका पिनच्या मध्यापासून 24 जोड मोजून येणाऱ्या पिनच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतात. गिअरच्या सायकलीवर 12 आणि 1/16 भरले की चेन बदलायची. 12 आणि 1/8 पर्यंत थांबलात तर मागची दातेरी चाकंही जातात. हे मापाच्या टेपनं करू नका. टेप ताणली जाते, हे माझ्यापेक्षा कोणाला माहीत! स्टीलची पट्टी घ्या. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुलाची चेन 1/16 च्या किंचित पुढं भरली. लगेच बदलून घेतली, दाते वाचले.

ब्रेकचं थोडक्यात. माझी रिम स्टीलची आहे, ओली झाली की ब्रेक उशिरा धरतो. म्हणून पावसात दोन सायकलीएवढं अंतर जास्त ठेवते आणि उतारावर आधीच हलकेच ब्रेक लावत जाते. मुलगा राजहंसगडावरून उतरून आला की त्याच्या ब्रेकच्या रबरात खडे आणि ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतात, ते सुईनं काढून रबर पॉलिश पेपरवर घासते. करकर आवाज तेवढ्यानं जातो.

काही कामं मी करत नाही. चाकाचा आउट काढणं (डुलणारं चाक सरळ करणं), खालच्या बुशातले छर्रे बदलणं दुकानातच. त्याला हात बसलेला लागतो. पण दुकानात दिलं म्हणजे लक्ष काढायचं असंही नाही. मे महिन्यात एका दुकानात डावं पायडल बदलायला दिलं, तिथल्या पोरानं ते उजव्यासारखंच आवळलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं बसतं. क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे गेले, 350 रुपयांचा नवा क्रँक मलाच घ्यावा लागला. त्यानंतर पायडल मी घरीच बसवते: आट्याला ग्रीस, आधी बोटांनी फिरवून सरळ जातंय का बघायचं, पाना शेवटी.

पुन्हा घ्यायचं झालं तर किट घेणार नाही. पंप तोच घेईन, बाकी सगळं सुटं. लिव्हर तेवढे तीनही टिकलेत. माझ्या पुढच्या टायरला बाजूनं चीर दिसायला लागलीय. दसऱ्याच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत तो बदलायचा आहे, घरीच.