म्युनिकची दोन विद्यापीठे: विज्ञान संशोधनाचा आवाका आणि निवडीचा प्रश्न

म्युनिक शहरात यू-६ नावाची मेट्रो धावते. उत्तरेला गार्खिंगच्या संशोधन केंद्रापासून ती निघते, शहराच्या मध्यभागी विद्यापीठाच्या नावाच्याच स्थानकावर थांबते आणि नैर्ऋत्येला ग्रोसहाडर्नच्या रुग्णालयापाशी तिचा प्रवास संपतो. या एका मार्गाच्या आसपास युरोपातील विज्ञान संशोधनाचा फार मोठा साठा आहे आणि तो प्रामुख्याने दोन विद्यापीठांत वाटला गेला आहे. पहिले लुडविग माक्सिमिलिआन विद्यापीठ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एलएमयू. दुसरे म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे टीयूएम. भारतातून एमएस्सी किंवा पीएचडीसाठी जर्मनीचा विचार करणाऱ्यांच्या यादीत ही दोन्ही नावे बहुधा एकाखाली एक असतात, आणि जागतिक क्रमवारीतील दोन-चार स्थानांच्या फरकावरून त्यांतील एक निवडले जाते. ही रीत मला अपुरी वाटते. विद्यापीठ किती विषयांत संशोधन करते हे मोजण्यापेक्षा आपल्या विषयाच्या शेजारी तेथे कोणते विषय नांदतात हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे, कारण संशोधन करताना अडलेला माणूस प्रथम शेजारच्या दालनातच जातो.

एलएमयूची स्थापना १४७२ मध्ये इंगोलश्टाट येथे झाली. १८०० मध्ये ते लांड्सहूटला आणि १८२६ मध्ये म्युनिकला आले. आज तेथे १८ विद्याशाखा आहेत आणि त्यांत धर्मशास्त्र, कायदा, इतिहास व भाषा यांच्या बरोबरीने भौतिकशास्त्र, रसायन व औषधनिर्माणशास्त्र, जीवशास्त्र, भूविज्ञान, गणित-संगणक-संख्याशास्त्र, वैद्यक आणि पशुवैद्यक यांचा समावेश होतो. अभियांत्रिकीची विद्याशाखा मात्र नाही. टीयूएम १८६८ मध्ये, राजा दुसरा लुडविग याच्या काळात, तंत्रशिक्षण देणारी संस्था म्हणून सुरू झाले. अलीकडच्या फेररचनेत तेथील जुन्या विद्याशाखा मोडून त्यांच्या जागी सात मोठ्या शाळा (स्कूल्स) उभ्या केल्या गेल्या. त्यामुळे एकेकाळी वेगळे असलेले विद्युत अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि गणित आता एका छताखाली आहेत, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र नैसर्गिक विज्ञानांच्या शाळेत आहेत.

जर्मन भाषेत ‘विसेनशाफ्ट’ हा शब्द निसर्गविज्ञानापुरता मर्यादित नाही. शिस्तीने केलेला कोणताही ज्ञानशोध त्यात येतो. एलएमयूचा आवाका समजून घ्यायचा तर हा अर्थ मनात असावा लागतो. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात १८५९ पासून संस्कृत अध्ययनाची धुरा सांभाळणारे मार्टिन हाउग जर्मनीला परतल्यावर १८६८ मध्ये याच विद्यापीठात संस्कृत व तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि भारतविद्येचे अध्ययन तेथे आजही चालू आहे. मेंदूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान किंवा भाषाविज्ञान यांच्या अभ्यासकांशी सहज बोलता येणे ही सोय टीयूएममध्ये त्या प्रमाणात मिळत नाही.

भौतिकशास्त्रात दोन्हींची परंपरा दांडगी आहे. १९०१ चे भौतिकशास्त्रातील पहिले नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा क्ष-किरणांचे शोधक राँटजेन एलएमयूमध्ये प्राध्यापक होते. १९१२ मध्ये तेथेच माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवून त्यांचे विवर्तन, म्हणजे ठरावीक दिशांना विखुरणे, दाखवले. हा प्रयोग मला शेजाराच्या मुद्द्याचा सर्वांत चांगला पुरावा वाटतो. क्ष-किरणांचे जाणकार, स्फटिकशास्त्राचे जाणकार आणि झोमरफेल्ड यांच्याभोवतीचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ एकाच विद्यापीठात वावरत होते, म्हणून तो प्रश्न सुचला आणि त्याची तपासणीही झाली. पुढे पाउली आणि हायझेनबर्ग यांनी झोमरफेल्ड यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. टीयूएमकडे रुडॉल्फ मोसबाउअर आहेत. १९६१ चे नोबेल मिळाल्यावर अमेरिकेहून परत येताना त्यांनी एकेका प्राध्यापकाच्या स्वतंत्र संस्थानाऐवजी सर्वांचा मिळून एक विभाग असावा असा आग्रह धरला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास तसा विभाग आकाराला आला.

आज मात्र भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने या दोहोंतून एक निवडण्यासाठी झोप घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुंज (क्वांटम) विज्ञान आणि विश्वाची उत्पत्ती या विषयांवरील मोठे संशोधन समूह दोन्ही विद्यापीठे मिळून चालवतात. पुंज विज्ञान व तंत्रज्ञान आणि सैद्धांतिक व गणिती भौतिकशास्त्र हे पदव्युत्तर अभ्यासक्रमही संयुक्त आहेत. एलएमयूचे काही गट गार्खिंगमध्येच काम करतात. त्याच परिसरात पुंज प्रकाशविज्ञान, खगोलभौतिकी आणि प्लाझ्मा भौतिकी यांच्या माक्स प्लांक संस्था (विद्यापीठांपासून स्वतंत्र असलेल्या संशोधन संस्था), तसेच युरोपीय दक्षिणी वेधशाळेचे मुख्यालय आहे. २००५ चे नोबेल मिळवणारे टेओडोर हेन्श आणि २०२३ चे नोबेल मिळवणारे फेरेंक क्राउस हे दोघेही एलएमयू आणि तेथील माक्स प्लांक संस्था या दोन्हींशी जोडलेले आहेत. माक्स प्लांक संस्था स्वतः डॉक्टरेट देत नाहीत. पदवी विद्यापीठाकडूनच मिळते, आणि ती कोणत्या विद्यापीठाची असेल हे बहुतेक वेळा मार्गदर्शकाच्या नेमणुकीवर ठरते. म्हणून येथे आधी गट निवडावा. विद्यापीठ त्यामागून येते.

एक अपवाद नमूद करणे आवश्यक आहे. न्यूट्रॉनच्या साहाय्याने पदार्थांचा अभ्यास करायचा असेल तर टीयूएमची गार्खिंग येथील २० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी हे मोठे आकर्षण ठरते. ती २००४ मध्ये सुरू झाली. परंतु मार्च २०२० पासून ती दीर्घकाळ बंद राहिली, आणि तीन वर्षांच्या प्रबंधाचे सारे प्रयोग एकाच यंत्रावर अवलंबून असतील तर असा खंड किती महाग पडतो हे सांगायला नको. अशा विषयासाठी अर्ज करणाऱ्याने भट्टीची सद्यःस्थिती आणि मोजमापे अन्यत्र घेण्याची सोय याबद्दल मार्गदर्शकाला सरळ विचारावे.

जीवशास्त्रात निवड खरोखर महत्त्वाची ठरते, कारण तेथे दोन्ही विद्यापीठांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. एलएमयूचे जीवशास्त्र मार्टिन्सरीड येथे आहे. त्याला लागून ग्रोसहाडर्नचे रसायनशास्त्र, जनुक केंद्र आणि विद्यापीठाचे मोठे रुग्णालय, तर पलीकडे जैवरसायनशास्त्राची माक्स प्लांक संस्था आहे. प्रथिनाची रचना, पेशीचे कार्य, मेंदूची जडणघडण, उत्क्रांती अशा मूलभूत प्रश्नांसाठी यापेक्षा चांगला शेजार जर्मनीत क्वचितच सापडेल. मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश याच विद्यापीठाचे होते, ही आठवणही येथे अस्थानी ठरू नये. टीयूएमचे जीवविज्ञान मात्र शहराच्या उत्तरेला फ्रायसिंगजवळ वाइहेनश्टेफान येथे आहे. तेथे पीक, माती, जंगल, पशुपोषण, अन्नप्रक्रिया, सूक्ष्मजीव आणि मद्यनिर्मितीचे तंत्र असा शेतापासून ताटापर्यंतचा पट्टा आहे. राहुरी, दापोली, अकोला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्याने एलएमयूच्या प्राचीनतेकडे न पाहता वाइहेनश्टेफानचा विचार करावा. त्याने आतापर्यंत शिकलेले तेथे थेट उपयोगी पडेल. पशुवैद्यक मात्र एलएमयूकडे आहे. जर्मनीत अशा केवळ पाच विद्याशाखा आहेत आणि बव्हेरियातील एकमेव शाखा ही आहे. तेथील मूळ पदवीचे शिक्षण जर्मन भाषेतून होते, ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

रसायनशास्त्रात एलएमयूची परंपरा लीबिश आणि बायर यांच्यापासूनची आहे. बायर यांनी म्युनिकमध्ये नीळ प्रयोगशाळेत तयार करण्यावर जे काम केले, त्याच्या वाटेवरून पुढे कृत्रिम निळीचा कारखानदारी माल निघाला आणि भारतातील निळीची शेती मोडकळीस आली. आज औषधी रेणू आणि जैवरसायन यांकडे ओढा असल्यास एलएमयू, उत्प्रेरक आणि औद्योगिक प्रक्रिया यांकडे असल्यास टीयूएम, असे ढोबळमानाने म्हणता येईल. भूविज्ञानात एलएमयूचे पारडे मला जड वाटते. फ्युर्स्टेनफेल्डब्रुकची भूभौतिकी वेधशाळा त्याच विद्यापीठाची आहे. वैद्यकीय संशोधनात दोन्हींकडे स्वतःची मोठी रुग्णालये आहेत आणि तेथे फरक विभागागणिक बदलतो.

संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीत टीयूएमचा आवाका साहजिकच मोठा आहे. यंत्रमानव, विमान व अवकाश तंत्र, ऊर्जा आणि बांधकाम हे सारे एका विद्यापीठात असल्याने कल्पनेपासून चालत्या यंत्रापर्यंतचे अंतर कमी होते, आणि विद्यार्थ्यांना नवउद्योग उभारण्यासाठी मदत करणारी संस्थाही २००२ पासून सोबतीला आहे. तरीही अभियांत्रिकी नाही म्हणून एलएमयूला बाजूला सारणे चुकीचे ठरेल. २०२२ मध्ये जगभर वापरले गेलेले ‘स्टेबल डिफ्युजन’ हे चित्रनिर्मितीचे प्रारूप ज्या संशोधनातून निघाले, ते एलएमयूतील संगणकीय दृष्टीवर काम करणाऱ्या गटाचे होते. यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) गणिती आणि संख्याशास्त्रीय बाजूत रस असणाऱ्याला तेथे चांगली संगत मिळते.

आता पैशाचा प्रश्न, जो मराठी मध्यमवर्गीय घरात अखेरीस निर्णायक ठरतो. टीयूएमने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ते दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे, म्हणजे चार सत्रांचे १६,००० ते २४,००० युरो. काही विद्यार्थ्यांना शुल्कमाफी मिळते, पण ती गृहीत धरून घरचा हिशेब मांडू नये. एलएमयूमध्ये नियमित पदव्युत्तर अभ्यासक्रमांना असे शिक्षणशुल्क नाही. दर सत्राला अल्प वर्गणी भरावी लागते. म्युनिकमधील घरभाडे मात्र दोघांनाही सारखेच जड जाते. त्यामुळे भौतिकशास्त्र, गणित किंवा मूलभूत जीवशास्त्रात एमएस्सी करायची असेल आणि दोन्हीकडे प्रवेश मिळाला असेल, तर मी एलएमयूकडे झुकेन. अन्नतंत्र, कृषिविज्ञान, यंत्रमानव किंवा अवकाश अभियांत्रिकी हा विषय पक्का असेल, तर शुल्क देऊनही टीयूएम योग्य ठरते, कारण त्या विषयांत एलएमयू हा पर्यायच नाही.

पीएचडीसाठी हिशेब निराळा आहे. टीयूएमचे हे शुल्क डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना लागू नाही, आणि निसर्गविज्ञानात बहुतेकांची नेमणूक ई-१३ या जर्मन सार्वजनिक सेवेतील वेतनश्रेणीच्या पूर्ण पगाराच्या काही टक्क्यांवर होते. हे प्रमाण गटागणिक बदलते, म्हणून मुलाखतीतच ते आणि कराराची मुदत विचारून घ्यावी. अर्जाआधी त्या गटाचे गेल्या तीन वर्षांतील शोधनिबंध काढून लेखकांच्या नावांखालील पत्ते वाचावेत. त्यांत रुग्णालय, माक्स प्लांक संस्था, दुसरे विद्यापीठ असे किती शेजारी पुन्हा पुन्हा दिसतात, त्यावरून त्या गटाचे खरे क्षेत्र कळते. भारतीय पदवीधरांना जर्मन विद्यापीठात प्रवेशासाठी नोव्हेंबर २०२२ पासून सामान्यतः एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला) लागते आणि ते मिळण्यास वेळ जातो. दोन विद्यापीठांतील निवड पुढे होत राहील, त्या प्रमाणपत्राचा अर्ज मात्र आधी करून ठेवावा.