पी-९१ साठी बी-९ वायर आणि रॉड: वायर घ्या डोळे मिटून, रॉड मात्र सर्टिफिकेट वाचून

पॉवर प्लांटच्या मेन स्टीम लाइनला बऱ्याचदा पी-९१ पाइप (९ टक्के क्रोमचं, उष्णता सोसणारं स्टील) असतो. त्याच्या जॉइंटला लागणाऱ्या दोन वस्तूंचा हा रिव्ह्यू आहे: टिग (आर्गन) वेल्डिंगची ईआर-९०एस-बी९ वायर (२.४ मिमी) आणि ई-९०१५-बी९ रॉड (२.५ व ३.१५ मिमी). बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीच्या बाजारात दोन्ही मिळतात. वायरला पाचपैकी साडेचार, रॉडला साडेतीन. सुटे रॉड वजनावर विकणाऱ्यांना शून्य.

वायरीत खोट काढायला फारशी जागा नाही. वेल्ड झाल्यावर टफनेस (न तडकता धक्का सोसण्याची ताकद) रॉडपेक्षा चांगला मिळतो, कारण फ्लक्स (रॉडवरचं कोटिंग) नाही आणि वेल्डमध्ये ऑक्सिजन कमी राहतो. फक्त ९ टक्के क्रोमचा पडल (वितळलेल्या धातूचं डबकं) जड असतो, साध्या ईआर-७०एस-२ सारखा आपोआप पसरत नाही. कार्बन स्टीलवर हात बसलेला वेल्डर त्याच चालीने गेला, तर कडेला फ्युजन (धातू वितळून जुळणं) अपुरं राहतं आणि ते आरटीत (रेडिओग्राफी तपासणीत) दिसतं. आतून आर्गनचं पर्जिंग (हवा हाकलून गॅस भरणं) हवंच, नाहीतर रूट (तळाचा पहिला पास) मागून जळून खडबडीत होते. आर्क मारण्याआधी पाइपातल्या बांधलेल्या जागेच्या निदान पाच-सहा पट गॅस फिरू द्या आणि रूटनंतरचे दोन पास होईपर्यंत तो बंद करू नका. पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचा बांध जॉइंटजवळ लावला तर २०० अंशांच्या प्रीहीटला (वेल्डआधी पाइप तापवतात त्याला) तो करपतो, म्हणून लांब लावा.

आता रॉड. आर्क गुळगुळीत, स्लॅग (वेल्डवरची खपली) नीट सुटतो, चालतो फक्त डीसी पॉझिटिव्हवर. पण ओलावा याला अजिबात सोसत नाही. पाकिटावर लिहिलेलं बेकिंग धरा, साधारण ३०० ते ३५० अंश, दोन तास. मग होल्डिंग ओव्हन आणि शेवटी वेल्डरच्या हातातला गरम डबा. बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत डब्याचं झाकण उघडं राहिलं की रॉड सुरू करताना ब्लोहोल आणि पुढे हायड्रोजन क्रॅक. व्हॅक्यूम पाकीट थेट वापरायची मुभा निर्मात्याने लिहून दिली असेल, तरच ती घ्या. दुसरी खोड म्हणजे क्रेटर क्रॅक (पास संपतो तिथल्या खळग्यातली चीर): रॉड झटकन उचलू नका, थोडं मागे येऊन क्रेटर भरा. पास पातळ ठेवा, इंटरपास (दोन पासमधलं तापमान) ३०० अंशांच्या खाली.

खरी गोम सर्टिफिकेटात, म्हणजे लॉटच्या तपासणीच्या कागदात आहे. त्यावर मँगनीज आणि निकेल यांची बेरीज करा. दोन्ही वेगवेगळे मर्यादेत असूनही बेरीज जास्त निघू शकते. ही दोन्ही मूलद्रव्यं वाढली की तापवताना धातूची आतली रचना कमी तापमानालाच बदलायला लागते. इकडे स्ट्रेस रिलीव्हिंग (एसआर, म्हणजे वेल्डनंतर जॉइंट तापवून ताण आणि कडकपणा उतरवणं) ७६० अंशांच्या आसपास करायचं असतं. त्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थोडं चुकीचं बसलं की वेल्ड रचना बदलण्याची ती हद्द ओलांडतं आणि थंड होताना नवीन, न टेंपर झालेला (तापवून नरम न केलेला) मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलची कडक, ठिसूळ रचना तयार होते. चार्ट पाहिला तर एसआर झालेलं, जॉइंट मात्र कडक. बेरीज १ टक्क्याच्या आतला लॉट मागा. दुकानदार कुरकुरला तरी तोच मागा.

सुट्या रॉडबद्दल. बी-२, बी-३, बी-९ आणि ७०१८ असे वेगवेगळ्या ग्रेडचे रॉड एकमेकांच्या शेजारी ठेवले तर कोटिंगवरून ओळखणं अशक्य, पकडीजवळची छपाई एवढाच आधार. ती पुसलेले रॉड दाखवून काउंटरवर 'बधुं सरखुं ज छे, भाई' (सगळं सारखंच आहे) असं गोड उत्तर मिळतं. सरखुं नाही! पीएमआय गनने (एक्स-रेने धातूतले घटक ओळखणाऱ्या) वायर थेट तपासता येते. रॉडचा मात्र पॅड (वेल्डचा नमुना थर) टाकून, घासून, मगच. आणि गन कार्बन किंवा नायट्रोजन दाखवत नाही, त्यामुळे गनचा आकडा म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. वायरीच्या टोकावर ग्रेडचा शिक्का असतो, म्हणून बिनशिक्क्याच्या टोकाकडून वापरा आणि उरलेला तुकडा ओळखीसकट ठेवा.

जॉइंट झाल्यावर लगेच एसआरला पाठवायची घाई नको. आधी १०० अंशांच्या खाली येऊ द्या, नाहीतर मार्टेन्साइट पुरता होत नाही आणि एसआरचा उपयोग अर्धाच. एसआर लांबणार असेल तर २५०-३०० अंशांवर दोन तास पोस्टहीट (वेल्डनंतरचा शेक) द्या आणि जॉइंट कोरडा राखा. न टेंपर झालेला जॉइंट पावसात उघडा पडला तर तडकतो.

आयबीआरच्या (भारतीय बॉयलर नियमांतल्या) कामाला घेत असाल तर पाकिटावरचा हीट नंबर आणि सर्टिफिकेटवरचा नंबर दुकानातच जुळवा, एका जॉइंटला एकच लॉट घ्या, आणि पाकीट साइटवर ओव्हन गरम झाल्यावरच फोडा.